तारा-आर्यमानचा कौल

आमच्या टपरीत शेगडी आईची आणि सिलेंडर घराशेजारच्या आदिनाथकाकाचा. दोघांचं वाजलं की काका सिलेंडर बंद करायचा आणि भजी तेलात तशीच पोहत बसायची. गिऱ्हाईक विचारायचं, "किती वेळ लागेल?" मी म्हणायचे, "ही दोघं बोलायला लागली की लगेच." गिऱ्हाईकाला वाटायचं मी चेष्टा करते.

चेष्टा कसली! मी दुसरीत व्हते तवापासनं दोघं एकमेकांशी बोलत न्हाईत. माझ्या चुलत्याच्या लग्नात काकाच्या बोकडानं नवरीच्या मुंडावळ्या खाल्ल्या. आठवडाभरात बोकड गायब. काका म्हणतो त्या दिवशी आमच्या घरातनं मटणाचा वास येत व्हता. आई म्हणती, सुकट व्हती. खरं काय ते मला म्हाईत न्हाई. मी सुकट खात न्हाई, पण त्या दिवशी मी दोनदा जेवले एवढं मला आठवतंय.

मग ही दोघं एका टपरीत आली कशी? लोहगडवाडीत टपऱ्यांच्या जागा दसऱ्याला भैरोबाच्या देवळात चिठ्ठ्या टाकून वाटत्यात. औंदा गाड्यांसाठी पार्किंग काढलं, त्यात जागा गेल्या, आणि नावं हाय तेवढीच. कोंडाजीआबा, भैरोबाचा पुजारी, त्यानं डोकं लढवलं: एका चिठ्ठीत दोन नावं. आणि आमची चिठ्ठी उघडली तर आत सविता आणि आदिनाथ. सविता म्हंजी माझी आई. घंटा वाजवायला आलेला माणूस घंटेला हात लावून तसाच उभा.

"एक चिठ्ठी, एक चूल," आबा म्हणला. "वेगळी चूल मांडली की चिठ्ठी रद्द. जागा पुढच्या नावाला."

पुढचं नाव पप्पूचं. पप्पू बारावी पास, केसाला जेल, खिशात मोजायची टेप. रोज सकाळी यायचा, "काय मावशी, बरं हाय ना?" म्हणायचा आणि आमच्या टपरीचं माप घ्यायचा. फ्रीज कुटं बसंल ते बघायला. आमी आत उभे असताना.

आणि जागा गेली तर माझी वाट लागणार व्हती. आईनं सांगूनच ठेवलेलं, "टपरी ऱ्हायली तर तू हितं. न्हाई ऱ्हायली तर देहूरोडला मामाकडं. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आणि बाहेरनं दहावीला बसायचं." माझा मामा डेपोत कामाला हाय. सकाळी उठून घरातल्यांची हजेरी घेतो. मी शाळा सोडली कारण गणिताच्या सरांनी मला डस्टर मारला आणि मी तो परत मारला. माझा नेम चांगला हाय, त्यांचा न्हाई. त्या गणिताला मी परत हात लावणार न्हाई आणि मामाला हजेरी देणार न्हाई. म्हणून ही दोघं एका शेगडीवर टिकली पायजे व्हती. बाकी मला काय नको.

तर पुस्तक.

एक पुण्याची बाई गडावरनं उतरली, लिंबू सरबत प्याली आणि बाकड्यावर पुस्तक विसरून गेली. वरचं पान फाटलेलं, त्यामुळं नाव म्हाईत न्हाई. थोडे दिवस आमी ते कागदी प्लेटांवर वजन म्हणून ठेवलं. मोबाईल माझा फुटलेला, मीच आपटलेला. आणि मंगळवार-बुधवार गडावर चिटपाखरू नसतं. आई हिकडं तोंड करून, काका तिकडं तोंड करून, मधी मी. डोकं फिरायची पाळी. म्हणून मी ते उघडलं आणि मोठ्यांदा वाचायला लागले, निदान कोणाचा तरी आवाज येईल.

गोष्ट अशी. तारा आणि आर्यमान. दोघांचं एकमेकांशी पटत न्हाई. एक म्हातारा मरतो आणि तळ्याकाठचं रिसॉर्ट दोघांच्या नावावर करून जातो. अट काय, तर वर्षभर दोघांनी मिळून चालवायचं, न्हाईतर दोघांच्याबी हातातनं गेलं.

काकाचा कांदा चिरायचा आवाज थांबला. आईचं तेल धूर सोडायला लागलं.

"चैते," काका म्हणला, "तुझ्या आईला सांग तेल जळतंय."

"चैते," आई म्हणली, "त्यांना सांग मला दिसतंय. आणि तू वाच."

मग रोज वाचन. दोघं असं दाखवायची की ऐकत न्हाईत, पण मी पान उलटायला थांबले की दोघांच्या माना एकदम वळायच्या. पुस्तकात कोणीतरी दोघांना मारायला टपलंय. कॉफीत काहीतरी टाकतंय, खोलीत साप सोडतंय. आणि ताराला वाटतं हे आर्यमानचं काम, आर्यमानला वाटतं ताराचं.

हळूहळू बाकीच्या टपऱ्यावाले बी यायला लागले. शेजारची विठाबाई मावशी सरबताचं भांडं काखेत मारूनच यायची. त्यांना मारामारीपेक्षा धंद्याची काळजी.

"एवढं मोठं रिसॉर्ट, आणि ही दोघं नुसती एकमेकांच्या डोळ्यात बघत्यात. गिऱ्हाईक कोण बघतंय?" विठाबाई मावशी.

"नोकर असतील की."

"मंग नोकर लुटत असतील. लिवलंय का बग तसं."

एक दिवस पुस्तकात आर्यमानच्या जीपचे ब्रेक कोणीतरी कापले. त्याच दिवशी काका मोटरसायकल घेऊन मळवलीहून येताना भाजे गावच्या उतारावर उकिरड्यात गेला. आता त्या गाडीला ब्रेक कधीच नव्हते. काका पाय घासून थांबवतो, हे पोरापोरांना म्हाईत. पण त्या दिवशी कोणालाच आठवलं न्हाई. दुसऱ्या दिवशी मी वाचलं की रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात भडका उडाला, आणि त्याच वेळी आईच्या शेगडीनं एवढा मोठा जाळ काढला की काकाची उजवी भुवई गेली. कोंडाजीआबा तितंच बसलेला. त्यानं टोपी काढली आणि पुस्तकाला हात जोडले.

"ह्यो कौल हाय," आबा म्हणला.

आमच्यात काय ठरत नसलं की भैरोबाला कौल लावत्यात. देवाच्या दोन्ही अंगाला ओली फुलं चिकटवायची, उजवं पडलं तर व्हय, डावं पडलं तर न्हाई. लग्न, बैल, बोअर, सगळं त्यावर ठरतं.

"आबा, ही कादंबरी हाय," मी म्हणले. "कोणीतरी घरी बसून लिवलीय."

"देव फुलातनं बोलतो ते तुला चालतं. पुस्तकातनं बोलला की नडतं व्हय?"

मी पान उलटलं आणि पुढं वाचायला लागले.

खरी गडबड झाली लिफ्टपाशी. मी आपलं जोरात वाचत व्हते: "लिफ्ट थांबली. काळोखात त्याचा उष्ण श्वास तिच्या गालाला जाणवला. 'तारा,' तो पुटपुटला, 'या भागीदारीत मी केव्हाच हरलोय.' त्याने तिला जवळ ओढलं आणि..."

आणि माझी नजर पुढच्या ओळीवर गेली. मी थांबले. वर बगितलं तर अख्खी वाडी पुस्तकाकडं बघतच नव्हती. आईकडं, मग काकाकडं, मग परत आईकडं. विठाबाई मावशीनं पदर तोंडात घातलेला. माझा बाप वारून बरीच वर्षं झाली. आणि काकाचं लग्नच झालं न्हाई, कारण पोरगी बघायला गेला की तिथल्या पोह्यांना नावं ठेवायचा. म्हंजी काय ते लोकांनी मनातल्या मनात जुळवलं बी. जे वाचलं ते घडलं, मग हे बी घडणार!

माझं टाळकं सरकलं.

"...आणि तारानं त्याच्या कानाखाली जाळ काढला," मी वाचलं.

"लिफ्टमधी?" आबा म्हणला.

"व्हय."

"एवढ्याशा जागंत?"

"जागा कमी व्हती तरी काढला."

दुसऱ्या दिवशी काकानं त्याचं स्टूल आईच्या हाताच्या टप्प्यातनं लांब नेऊन ठेवलं.

तवापासनं मी तसंच वाचायला लागले. पुस्तकात गुलाब आला की मी निवडुंग करायचे. त्यानं हात धरला की मी मनगट पिरगाळायचे. एकदा दोघं तळ्याकाठी नाचत्यात असं व्हतं, तितं मी त्याला तळ्यात ढकलला. मला वाटलं मी लय शहाणी. पण तिकडं तारा-आर्यमानचं भांडण वाढलं तसं हिकडं यांचं वाढलं. कॉफीतल्या विषाचं तर डोक्यात बसलंच व्हतं. आईनं केलेला चहा काका आधी आईला प्यायला लावायचा. काकानं कालवलेलं पीठ आई आधी काकाला चाखायला लावायची. मग दोघं गिऱ्हाईकाच्या भज्यांवर आले. प्लेट भरली की काका त्यातलं एक खाणार, आईकडं रोखून बघणार. मग आई एक खाणार, काकाकडं रोखून बघणार. मग दोघं वाट बघणार, कोण पडतंय का. गिऱ्हाईकाच्या हातात जाईपर्यंत प्लेट अर्धी आणि भजी गार.

"अहो, ही उष्टी भजी आहेत!" चिंचवडची एक बाई ओरडली.

"उष्टी न्हाईत, तपासलेली हाय्त," मी म्हणले. "दुसरीकडं अशी मिळणार न्हाईत."

तिनं त्याचा व्हिडिओ काढला. पुढच्या रविवारी तपासलेली भजी खायला दुप्पट गर्दी. लोकांचं मला कळतच न्हाई.

पण एक दिवस काकानं टपरीच्या मधोमध सुतळी बांधली. शेगडी सुतळीच्या ह्या बाजूला, सिलेंडर त्या बाजूला, आणि रबरी नळी मधी, वादातली जमीन असल्यासारखी. आई म्हणली, "चैते, त्यांना सांग नळी माझी हाय." काका म्हणला, "चैते, तुझ्या आईला सांग गॅस माझा हाय, नळी घेऊन तिचा पाळणा बांध म्हणावं." आई उठली. टपरीच्या मागं गेली, तीन दगड मांडले, काटक्या घातल्या आणि पेटवलं.

मी पळत जाऊन वर ताकाचं भांडं उपडं केलं, पण पप्पूनं बगितलंच व्हतं. तो टेप फडफडवत देवळाकडं पळाला. "आबा! दुसरी चूल! आबा, दुसरी चूल मांडली!"

आबा आला. ताकात भिजलेली राख बगितली. पप्पू फ्रीजची जागा खडूनं आखायला लागला. मला समोर देहूरोडचा मामा दिसायला लागला, हातात शिट्टी घेऊन.

"नियमानं जागा गेली," आबा म्हणला. आणि मग जरा घुटमळला. "चैते, पुस्तक कुटवर आलं?"

"शेवट ऱ्हायलाय."

"मग देवाचं बोलणं अर्ध्यावर तोडून मी निकाल कसा देऊ? उद्या सगळ्यांसमोर शेवट वाच. कोण कोणाला मारायला बघतंय ते कळू दे. पुस्तकात बाई दोषी निघाली तर सविता जाईल. बाप्या निघाला तर आदिनाथ जाईल. ऱ्हाईल त्याची चूल एकट्याची."

"आणि मी?" पप्पू म्हणला.

"तुझं बी बगू."

संध्याकाळी मी शेळ्यांच्या मागं खडकावर बसून शेवट वाचून काढला. दोषी ना तारा, ना आर्यमान. तिसराच निघाला. आणि मग गच्चीवर लग्न, आणि त्यानंतर दीड पान मुका. दीड पान! एवढ्या वेळात आमची पाच प्लेट भजी निघत्यात.

पण मला एक गोष्ट कळली. वाचणार मीच. मी वाचलं की आर्यमान दोषी, तर काका जाणार. जागा आईची एकटीची, मी हितंच, आणि गावाच्या डोक्यातलं ते लिफ्टचं बी जाणार. एका दगडात किती पक्षी, मला मोजता येईनात. गणिताच्या सरांना आनंद झाला असता.

दुसऱ्या दिवशी टपरीपुढं सगळी वाडी. आबानं पुस्तकाला हळद-कुंकू लावलं, त्यात दोन ओळी पुसल्या. आई एका टोकाला, काका एका टोकाला, काका भुवई नसल्यामुळं एका बाजूनं सारखा चकित झाल्यासारखा दिसत व्हता. मी पान उघडलं.

"थांबा!" पप्पू. "ही पोरगी मनचं वाचती. लिफ्टमधी कोण कानाखाली मारतं का? मी बारावी झालोय. मी मागं उभा ऱ्हाऊन बघणार."

"बघ की," आबा म्हणला.

पप्पू माझ्या खांद्यावरनं वाकला. जेलचा वास. मी त्याच्या पायावर पाय दिला तरी हलला न्हाई. आता काय, खरंच वाचावं लागलं.

"इन्स्पेक्टरांनी सगळ्यांवर नजर फिरवली. 'तारा नाही,' ते म्हणाले, 'आणि आर्यमानही नाही. ज्याला ही जागा हवी होती, तो पहिल्या दिवसापासून आपल्यासमोर होता. रोज सकाळी फाटकापाशी उभा राहून हसत हसत चौकशी करणारा. ही दोघं भांडून कधी बाहेर पडतात याची वाट पाहणारा.'"

मी अजून नाव वाचलंच नव्हतं. तोवर सगळ्या वाडीच्या माना वळल्या. माझ्याकडं न्हाई. माझ्या मागं.

"काय?" पप्पू म्हणला. "माझ्याकडं काय बघताय?"

"टेप खाली ठेव," आबा म्हणला.

"अहो, तो मॅनेजर हाय! साहिल! हे बघा, लिवलंय, साहिल!"

"देव नाव बदलून सांगतो. टेप ठेव."

"सापाचं बी ह्यानंच केलं व्हय?" विठाबाई मावशी म्हणली. "माझ्या कोंबड्या बी गेल्यात दिवाळीला."

"कुठला साप? मावशी, साप पुस्तकात हाय!"

मी पुस्तक फटकन मिटलं. "संपलं," म्हणले. जागा वाचली, काकाबी ऱ्हायला, पण चालतंय, मामा टळला. उठलेच व्हते. पण पप्पूचं तोंड लालभडक झालेलं.

"संपलं न्हाई! अजून हाय! सगळ्यांना ऐकू दे!" त्यानं पुस्तक हिसकलं आणि घसा ताणून वाचायला लागला. लग्न. फुलं. गच्ची. "आर्यमानने ताराचा चेहरा ओंजळीत धरला. आता त्यांच्यात कुठलीही भागीदारी उरली नव्हती, उरली होती फक्त..." वाचता वाचता पप्पूचेच कान तापले, तरी गडी थांबेना. दीड पान. पुढची ओळ, परत पुढची ओळ. विठाबाई मावशीनं पदर तोंडात घातला व्हता तो आता डोळ्यावर घेतला, पण कान उघडे. एक म्हातारा म्हणला, "दम लागत न्हाई का त्यांला?"

संपलं. सगळी वाडी आईकडं, मग काकाकडं. आबा पिशवीत हात घालून बहुतेक अक्षता शोधत व्हता.

माझ्या हातात झारा व्हता. कोणी एक शब्द काढला असता तर मी तो डोक्यात घातलाच असता.

शब्द काढला काकानं. पण मला न्हाई, आबाला न्हाई. सरळ आईकडं वळून.

"वहिनी," काका म्हणला, "भैरोबाची आण. असलं कायबी माझ्या मनात न्हाई."

आईनं मी दुसरीत असल्यापासनं पहिल्यांदा त्याला थेट उत्तर दिलं.

"भावजी, माझ्या मनात कुटलं येतंय?" आई म्हणली. "सकाळी तुमचं तोंड बगितलं की मला जेवण जात न्हाई."

"मला बी!" काका एकदम खूश झाला. "मला बी न्हाई जात! तुमी बसता तिकडं मी बघतच न्हाई!"

"म्हणूनच म्हणते, मला बरं वाटायचं!"

"आणि ते दीड पान. शी!"

"शी काय, शी शी! आणि गच्चीवर, सगळ्यांसमोर!"

"आणि तितं खाली किचनमधी गिऱ्हाईक बसलं असंल उपाशी!"

"तेच म्हणते मी पहिल्या दिवसापासनं!"

दोघं अशी बोलायला लागली की थांबेनात. आबा मधी म्हणला, "अरं पण कौल लागलाय. लग्नाचा कौल मोडला तर दोष लागतो."

"मग तुमी करा आबा," आई म्हणली. "ह्या पप्पूशी करा."

"एवढं पोथीवानी वाचलंय त्यानं," काका म्हणला, "त्यालाच हौस दिसतीय."

दोघं हसली. एकमेकांच्या जोकवर. आबानं टोपी फिरवली, सुतळीकडं बगितलं, राखेकडं बगितलं.

"आत्ता हे दोघं माझ्याशी भांडत्यात," तो म्हणला. "एकमेकांशी न्हाई. म्हंजी चूल एकच झाली. चिठ्ठी ऱ्हायली. पप्पू, खडू पूस."

त्यानं सुतळी स्वतः सोडली आणि धोतराला बांधली, कारण धोतर सैल झालेलं. लोकांना लग्न न्हाई मिळालं म्हणून सगळी नाराज. विठाबाई मावशी तर सरबताचं भांडं आपटतच गेली. मी मात्र मामाच्या हजेरीतनं सुटले.

सुटले म्हणायचं, पण आता वेगळीच कटकट. आधी दोघं बोलत नव्हती तवा निरोप पोचवायच्या नावाखाली मी मनचं सांगून निम्मी कामं टाळायचे. आता दोघं मिळून मलाच बोलत्यात. "भावजी, ह्या पोरीनं कांदा बघा कसा चिरलाय." "वहिनी, तुमी लाडावून ठेवलीय." दिवसभर. आणि गिऱ्हाईक कमी असलं की गावाला, आबाला, पप्पूला, त्या आर्यमानला नावं ठेवायची. सिलेंडर बंद करायला काकाला आठवण बी ऱ्हात न्हाई.

परवा रविवारी एक मुंबईची जोडी आली. नवीन लग्न झालेली, हातात हात. बाईनं आईकडं बगितलं, काकाकडं बगितलं, दोघांचं कांदा-पिठावरनं चाललेलं ऐकलं आणि गोड हसून विचारलं, "किती छान बोलता तुम्ही दोघं! नवरा-बायको ना?"

आईच्या हातात झारा, काकाच्या हातात सुरी. दोघं एकदम असली ओरडली, "न्हाई!!" की बाकड्याखालचं कुत्रं गडाच्या दिशेनं पळालं आणि त्या जोडीनं एकमेकांचा हात सोडला.

"भजी देऊ?" मी म्हणले. "गरम हाय्त."